तांब्याची पट्टी, पॉझिट्रॉन आणि वीस मायक्रॉनची साल : एक प्रकरण अभ्यास

"काका, दादाच्या तांब्यात खोट आहे."

रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी पुतणीने लॅपटॉप माझ्यापुढे उघडला आणि एवढंच म्हणाली. 'दादा' म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, त्याचं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचं छोटं युनिट आहे. पुतणीला एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तांब्याची पट्टी त्यानेच दिली होती, दोन मिलिमीटर जाडीची, पूर्ण नरम केलेली. संध्याकाळी तो शेव-उसळ घेऊन आला आणि ही गोष्ट ऐकून खरोखर दुखावला. "मामा, ही पट्टी आमची माणसं हाताने वळवतात. कडक असती तर कॉइल फॉर्मावरून उसळून आली असती. माझा माल नरमच आहे."

दोघंही खोटं बोलत नव्हती, हे मला तेव्हाच जाणवत होतं. पण दोघंही बरोबर कशी असू शकतात, हे कळायला महिना लागला. मी बडोद्यातल्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत आयुष्यभर काम केलं, पण पॉझिट्रॉन या सूक्ष्म कणावर चालणारं यंत्र माझ्या हाताखाली कधी नव्हतं. पुतणी दोन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत जाऊन मोजमापं करत होती. पट्टी कापणं, साफ करणं ही तयारी मात्र आमच्या घरच्या माडीवर, माझ्या टेबलावर झाली होती. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

काय मोजायचं होतं

प्रकल्प साधा होता. नरम तांबं लाटायचं, आधी थोडं, मग जास्त, आणि दर टप्प्यावर धातूच्या आत किती बिघाड तयार होतो ते पॉझिट्रॉनने मोजायचं. तांबं लाटलं की त्यातल्या अणूंच्या शिस्तबद्ध रांगा सरकतात. काही ठिकाणी रांग अर्ध्यातच तुटते, त्याला डिसलोकेशन म्हणतात. काही ठिकाणी अणूची जागा चक्क रिकामी राहते. धातू कडक होतो तो मुख्यतः या तुटलेल्या रांगांमुळे. पुढे तापवला की रांगा पुन्हा नीट लागतात आणि तो नरम होतो. कारखान्यातला माणूस हे हाताने ओळखतो. आम्हाला ते आकड्यांत हवं होतं.

अशा प्रयोगात पहिला नमुना सर्वांत मोलाचा. न लाटलेला, पूर्ण नरम, ज्याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना करायची. गडबड निघाली ती नेमकी त्यातच.

तांब्यातला बिघाड विजेच्या रोधानेही मोजता येतो, मग पॉझिट्रॉन कशाला, असं भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. विजेच्या तांब्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरलं. नरम तांब्याची वाहकता त्यात १०० टक्के धरली आहे. तेच तांबं ओढून अगदी कडक केलं तरी ती ९७ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे नरमपासून कडकपर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम तीन टक्क्यांत संपतो. त्या मानाने पॉझिट्रॉनला हा फरक ठळक दिसतो. निर्दोष तांब्यात तो सुमारे ११५ पिकोसेकंद जगतो आणि बिघडलेल्या तांब्यात १६० ते १८०. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा वेळ. ११५ पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा फक्त साडेतीन सेंटिमीटर जातो.

रिकामी जागा पॉझिट्रॉनला कशी सापडते

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जुळा, फक्त त्याचा विद्युतभार धन. डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये अँडरसनला वैश्विक किरणांच्या अभ्यासात क्लाउड चेंबरच्या छायाचित्रावर त्याची वाट उमटलेली दिसली. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही उरत नाहीत. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते आणि प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. बडोद्यात ज्यांच्या घरी कुणाचं पेट स्कॅन झालं आहे, त्यांच्या माणसाच्या शरीरात हेच घडलं आहे. तिथे फ्लोरिन-१८ वापरतात आणि ते दोन किरण कुठून निघाले हे शोधतात. आम्हाला 'कुठून' नव्हे, 'किती वेळाने' हे हवं होतं.

त्यासाठी सोडियम-२२ वापरतात. त्याचं अर्धायुष्य २.६ वर्षं, त्यामुळे एक स्रोत बरीच वर्षं पुरतो. त्याची खरी सोय वेगळीच आहे. त्याच्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडला की जवळजवळ त्याच क्षणी १,२७५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आणखी एक गॅमा किरण निघतो. तो म्हणजे पॉझिट्रॉनचा जन्मदाखला, आणि ५११ चा किरण म्हणजे मृत्यूचा दाखला. एक डिटेक्टर पहिल्याची वाट पाहतो, दुसरा दुसऱ्याची, आणि मधला वेळ नोंदला जातो. अशा लाखो नोंदी साठल्या की उतरत जाणारा आलेख मिळतो आणि त्याच्या उतारातून आयुर्मान काढतात. एका नोंदीतली चूक सुमारे २०० पिकोसेकंद असते, तरी ५०-६० पिकोसेकंदांचे फरक पकडता येतात, कारण निकाल एका नोंदीवर नसतो, सगळ्या आलेखाच्या आकारावर असतो. स्रोतही मुद्दाम दुबळा ठेवतात. सेकंदाला पाच लाख पॉझिट्रॉन म्हटले तरी दोघांत सरासरी दोन मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं, आणि आमचा पॉझिट्रॉन त्याच्या हजाराव्या भागाइतकाही जगत नाही. त्यामुळे नमुन्यात एका वेळी जवळपास नेहमी एकच पाहुणा असतो.

हा पाहुणा धातूत शिरल्यावर काही पिकोसेकंदांत थकतो, म्हणजे त्याची सगळी धावपळ संपून तो धातूच्या तापमानाला येतो. मग भटकायला लागतो. धातूतले अणुगर्भ धन आणि तोही धन, त्यामुळे सगळे त्याला दूर लोटतात. बडोद्याच्या नवरात्रात गरब्याच्या भरल्या रिंगणात उशिरा आलेल्या माणसाला आठवा. जिथे शिरावं तिथे कुणाचं तरी कोपर लागतं, आणि फिरता फिरता जिथे एक खेळणारा बाहेर पडलेला असतो त्या मोकळ्या जागेत तो आपोआप सरकतो. धातूतली रिकामी जागा तशीच. तिथे अणुगर्भ नाही, लोटणारं कुणी नाही, म्हणून पॉझिट्रॉन तिथे अडकतो. शिवाय त्या जागी इलेक्ट्रॉनही विरळ असतात, म्हणून त्याला संपवणारा भेटायला वेळ लागतो आणि तो जास्त जगतो. भटकताना तो इतक्या जागा चाचपतो की दहा लाख अणूंमागे एखादी जागा रिकामी असली तरी त्याच्या आयुर्मानात ते कळतं. तापवलेल्या धातूंत आयुर्मान का वाढतं याचा उलगडा रिकाम्या जागांमध्ये अडकण्यातून होतो, हे मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांच्या १९६७ च्या कामानंतर सर्वमान्य होत गेलं. मला स्वतःला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत मोहक वाटते. इतर साधनं जे आहे ते दाखवतात, हे साधन जे नाही ते मोजतं.

आकडे आणि संशयित

नरम पट्टीचे दोन तुकडे, मध्ये कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांत बंद केलेला स्रोत, असं सँडविच करून पुतणीने २० लाखांहून जास्त नोंदी घेतल्या. एकच आयुर्मान यायला हवं होतं, ११५ च्या आसपास. आली दोन. ११४ पिकोसेकंद, ५१ टक्के, आणि १७६ पिकोसेकंद, ४९ टक्के. सरासरी १४४. नरम तांब्यातले निम्मे पॉझिट्रॉन बिघाडात अडकत होते. म्हणून ती म्हणाली, दादाच्या मालात खोट आहे.

मी तिला आधी यंत्रावर संशय घ्यायला सांगितलं. माल नंतर. कॅप्टॉनमध्येही काही पॉझिट्रॉन संपतात, त्यांचं आयुर्मान ३८२ पिकोसेकंद. हा वाटा वजा करावा लागतो, आणि नमुना जड धातूचा असेल तर तो वाढतो, कारण पॉझिट्रॉन परत उसळून पुन्हा पापुद्र्यात जातात. तिने हा वाटा थोडा वर-खाली करून पाहिला. १७६ चा घटक हलला, पण गेला नाही. कॅप्टॉनची चूक असती तर ३८२ च्या बाजूला ओढ दिसली असती. यंत्राची वेळ मोजण्याची अचूकता कोबाल्ट-६० ने तपासली, कारण त्याचे दोन गॅमा किरण व्यवहारात एकाच क्षणी निघतात. तीही ठीक होती. डिटेक्टर समोरासमोर असतील तर एकातून उसळलेला किरण दुसऱ्यात जाऊन खोटी नोंद करतो, पण इथे ते कोनात होते. तिच्या मार्गदर्शकांनी त्याच यंत्रावर आपल्याकडचा जुना तांब्याचा नमुना लावला. एकच घटक आला. मग यंत्र सुटलं आणि संशय पुन्हा पट्टीवर आला.

भाच्याने पुढच्याच दिवशी पट्टीचा त्याच गुंडाळीतला तुकडा टेस्टिंग लॅबला दिला. पाच किलो वजनाखाली विकर्स काठिण्य (हिऱ्याचं टोक दाबून मोजतात ते) ५० च्या आसपास आलं. नरम तांब्याचा हाच आकडा असतो. कडक तांबं १०० च्या वर जातं. त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. एरवी बोलघेवडा मुलगा. त्या गप्प राहण्यात त्याचा राग मला दिसला.

आता खरी अडचण उभी राहिली. काठिण्य म्हणतं, तांबं नरम. पॉझिट्रॉन म्हणतात, बिघडलेलं. दोन्ही मोजमापं चांगली.

एक बेरीज जमत नव्हती

या प्रकरणाची कळ माझ्या मते इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बिघाड सगळ्या धातूत सारखा पसरलेला असेल तर दोन आयुर्मानं कशी यावीत याचा ठरलेला हिशेब आहे. निर्दोष भागात भटकणाऱ्या पॉझिट्रॉनला दोन वाटा असतात, तिथेच संपणं किंवा सापळ्यात, म्हणजे बिघाडात, जाऊन पडणं. दोन वाटांनी गळती होत असल्यामुळे तो निर्दोष अवस्थेत कमी वेळ राहतो. टाकीला एकाऐवजी दोन नळ लावले की पाणी लवकर उतरतं, तसं. म्हणून लहान आयुर्मान निर्दोष तांब्याच्या ११५ पेक्षा बरंच कमी यायला हवं. किती कमी, तेही सांगता येतं. सरासरी १४४ आणि सापळ्यातलं आयुर्मान १७६ असेल, तर लहान घटक ६० पिकोसेकंदांच्या जवळ आणि मोठ्या घटकाचा वाटा ७२ टक्के हवा. आमच्याकडे लहान घटक ११४ होता, म्हणजे निर्दोष तांब्याचंच आयुर्मान, आणि वाटा ४९ टक्के.

याची पडताळणीही सोपी आहे. प्रत्येक घटकाचा वाटा त्याच्या आयुर्मानाने भागायचा, दोन्हींची बेरीज करायची आणि उत्तर उलटं करायचं. बिघाड सारखा पसरलेला असेल आणि एकाच जातीचा असेल, तर निर्दोष धातूचं आयुर्मान परत मिळतं. आमच्या आकड्यांवरून १३८ मिळत होतं, हवं होतं ११५.

ही विसंगती मला दिसली नव्हती. पुतणीनेच रात्री वहीत मांडून दाखवली. ती म्हणाली, "काका, यातले निम्मे पॉझिट्रॉन कधी सापळ्याजवळ गेलेलेच नाहीत. आणि बाकीचे निम्मे सुटूच शकलेले नाहीत. हे एक तांबं नाहीये. दोन तांबी आहेत."

मी तिला विचारलं, दोन तांबी एका पट्टीत कुठे असतील? आणि विचारताना माझ्याच लक्षात आलं.

सोडियम-२२ मधून निघालेले पॉझिट्रॉन जास्तीत जास्त ५४५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे असतात. धातूत ते किती खोल जातात यासाठी अनुभवाने बसवलेलं एक सूत्र आहे, घनतेवर चालणारं. तांब्यासाठी त्यातून २९ मायक्रॉन येतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे दर २९ मायक्रॉनला पॉझिट्रॉनांची संख्या एकतृतीयांशाच्या थोडी वर उरते. ॲल्युमिनियममध्ये हेच अंतर सुमारे शंभर मायक्रॉन. आपण म्हणतो, ही पद्धत धातूचं अंतरंग दाखवते. क्ष-किरणांच्या मानाने आणि सूक्ष्मदर्शकाच्या मानाने ते खरंही आहे. पण दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत हे अंतरंग म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही पातळ साल. काठिण्याच्या चाचणीत पाच किलोखाली हिऱ्याचं टोक ५० काठिण्याच्या तांब्यात सुमारे ६० मायक्रॉन आत जातं, आणि त्याच्या खालचा, आजूबाजूचा धातूही दाबला जातो. भाच्याचा रिपोर्ट पट्टीच्या पोटाबद्दल बोलत होता आणि पुतणीचा आलेख सालीबद्दल.

सालीवर काय झालं होतं, ते मला माहीत होतं. कारण ते मी केलं होतं.

पॉलिश पेपर

पट्टी आली तेव्हा तिच्यावर तेलाचा पातळ थर होता आणि कुठेकुठे काळपट डाग. नमुने स्रोताला नीट चिकटून बसायला हवेत, मध्ये फट नको, म्हणून पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ हवा. मी तुकडे कापले आणि जाड पॉलिश पेपरवर चांगले रगडले. मग बारीक पेपरवर, आरशासारखे होईपर्यंत. माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेलं ते शिक्षण त्यांच्या हातात मरेपर्यंत राहिलं, आणि धातू हातात आला की आधी घासून लख्ख करायचा ही सवय त्यांच्याकडून वडिलांना आणि वडिलांकडून मला आली. विजेचे जोड, तारांची टोकं, पितळी स्क्रू, मी आयुष्यभर हेच केलं. त्यामुळे 'घासलं' हे मला कधी 'काही केलं' असं वाटलंच नाही. मी पुतणीला सांगितलं नाही. तिने नमुन्याच्या नोंदीत लिहिलं, 'पट्टी, नरम, मिळाली तशी'. पट्टी मिळाली तशी राहिलीच नव्हती.

पेपरचा प्रत्येक कण म्हणजे एक छोटी छिन्नी. ती तांबं नुसतं खरवडत नाही, खालचं तांबं दाबते, सरकवते, लाटते. वरचा आरसा जितका सुंदर, तितकीच त्याच्याखाली जाड पेपराने केलेली मोडतोड तशीच दडलेली. बारीक पेपराने वरचे ओरखडे गेले, खालचा बिघाड राहिला.

मी हे सांगितलं तेव्हा पुतणी काही क्षण गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे किती खोल ते काढता येईल." मला अजून आठवतं, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उत्सुकता होती.

४९ टक्के पॉझिट्रॉन सालीत संपतात असं धरलं, तर २९ मायक्रॉनच्या हिशेबाने साल सुमारे २० मायक्रॉन जाड येते. हे भाकीत आधी कागदावर लिहून ठेवलं, तारीख टाकून. मग ते तपासायचं ठरलं.

सोलणे

तपासायचे दोन मार्ग होते. एक, तुकडे निर्वात भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचे. तसं केल्यावर दुसरा घटक गेला असता, पण काही सिद्ध झालं नसतं, कारण बिघाड सालीत असो की पोटात, तापवल्यावर दोन्हीकडचा जातो. दुसरा मार्ग सोलण्याचा, न घासता आणि न तापवता. तो रसायनाने जमतो. पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं विरघळतं आणि विरघळताना त्याला कुणी दाबत नाही. तपकिरी विषारी धूर निघतो, म्हणून हे काम घरी करायला मी साफ नकार दिला. ते प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून झालं.

किती सोललं हे वजनावरून कळतं. एक सेंटिमीटर बाजूचा, दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा सगळीकडून दहा मायक्रॉन सोलला, तर चार कडा धरून २५ मिलिग्रॅम वजन कमी होतं. चांगल्या काट्यावर हे आरामात दिसतं. विसर्जनाची वेळ ठरवून पुन्हा पुन्हा बुडवायचं, धुवायचं, वाळवायचं, तोलायचं. कंटाळवाणं काम, पण पुतणीने ते मन लावून केलं.

पहिल्या टप्प्यात दहा मायक्रॉन गेले. भाकीत असं होतं की उरलेल्या दहा मायक्रॉनच्या सालीत २९ टक्के पॉझिट्रॉन संपतील. मोजमापात मोठ्या घटकाचा वाटा २७ आला. लहान घटक होता तिथेच राहिला, ११५ वर. एकूण चाळीस मायक्रॉन सोलल्यावर दुसरा घटक बसवायला कारणच उरलं नाही. एकच आयुर्मान, ११६ पिकोसेकंद. त्या संध्याकाळी तिने भाच्याला फोन केला. मी बाजूला बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "दादा, तुझा माल नरम आहे. मी चुकीचं बोलले होते." तो म्हणाला, "मला माहीत होतं गं." आणि मग लगेच विचारलं, "अजून पट्टी लागेल का?"

लागणार होतीच. कारण मी घासलेला तुकडा एकटा नव्हता. लाटण्याच्या सगळ्या टप्प्यांचे नमुने मी त्याच प्रेमाने चमकवले होते.

बाकीच्या नमुन्यांचं काय

इथे एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. वाटलं, सगळेच नमुने सारखे घासले आहेत, तर सगळ्यांत सारखीच भर पडली असेल, वजा करून टाकू. तसं होत नाही. भरपूर लाटलेल्या नमुन्यात बिघाड इतका दाट असतो की जवळपास प्रत्येक पॉझिट्रॉन आधीच अडकलेला असतो. सालीत आणखी बिघाड झाला तरी आयुर्मान हलत नाही. नुकसान सर्वांत जास्त होतं ते थोडं लाटलेल्या नमुन्यांचं, आणि प्रकल्पाचा सगळा अर्थ तर त्या पहिल्या दोन-तीन टप्प्यांतच होता. जुन्या आकड्यांत नरम आणि थोडं लाटलेलं तांबं जवळजवळ सारखं दिसत होतं. त्यावरून कुणी निष्कर्ष काढला असता की हलक्या लाटण्याने तांब्यात फारसं काही होत नाही. निष्कर्ष साफ चुकला असता आणि आलेख मात्र गुळगुळीत, देखणा दिसला असता. मला या प्रकरणात सर्वांत जास्त हादरवलं ते यानेच. नरम नमुन्यात दोन घटक दिसले म्हणून आम्ही जागे झालो. सरासरीच मोजत बसलो असतो, तर १४४ हा एक आकडा लिहून पुढे गेलो असतो.

घासून झालेले सगळे नमुने पन्नास मायक्रॉन सोलायचं ठरलं. नव्या पट्टीचे तुकडे भाच्याने स्वतः आणून दिले. ते मी पॉलिश पेपरला लावले नाहीत. तेल ॲसिटोनने धुतलं, डाग तसेच ठेवले आणि बाकीचं काम ॲसिडवर सोपवलं. करवतीच्या कडा स्रोतापासून दूर राहाव्यात म्हणून तुकडे थोडे मोठे कापले. पुतणीने नोंदवहीत नमुन्यापुढे एक नवा रकाना आखला, 'हात कुठे कुठे लागला'. त्यात कापणं, धुणं, पुसणं, चिमट्याने धरणं, सगळं यायचं. पहिल्या ओळीत तिने मला माझ्या अक्षरात लिहायला लावलं.

सगळ्यात शेवटी हलकं लाटलेला नमुना पुन्हा यंत्रावर चढला. दोन घटक आले, आणि या वेळी ते यायलाच हवे होते. ८० पिकोसेकंद, ४३ टक्के. १७४ पिकोसेकंद, ५७ टक्के. लहान घटक निर्दोष तांब्यापेक्षा स्पष्टपणे कमी, दोन नळांच्या टाकीसारखा. मी घरी वाट पाहत होतो. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. त्यात आलेख नव्हता की एक शब्दही नव्हता. दोन भागाकार, एक बेरीज, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर होतं, ११६.